बर्लिनला जाणारी पेटी

१ मार्च १९६४, रविवार. एर्लांगेन.

ठरलं. मे महिन्यात, पेंटेकॉस्टच्या सुट्टीत, बर्लिनला तिरंदाजीची स्पर्धा आहे. आमच्या क्लबातून चौघे जाणार, त्यांत मी. आमचे ट्रेनर हेर कुन्त्स यांनी नावं जाहीर केलेली नाहीत, पण दोन वर्षं या क्लबात काढली आहेत, कुणीही समजू शकेल. सुलेखा प्रधानही बहुधा असेल. मेडिकलला आहे. क्लबात तिला मीच आणलं. बर्लिनमध्ये तिला लग्नाचं विचारायचं. इथे विचारण्यात अर्थ नाही, इथे मोहन सारखा मध्ये असतो. मोहन म्हणजे माझा रूममेट, विजेच्या कंपनीत इंजिनियर.

उद्यापासून रोज शंभर बाण.

४ मार्च

बाण शून्य. पण कारण आहे. बर्लिनची गाडी पूर्व जर्मनीतून जाते, शिपाई सामान उपसून बघणार. धनुष्य न्यायचं कशात? क्लबातले बाकीचे कापडी पिशवीत कोंबून नेतात. मी तसला नाही. आधी पेटी, मग सराव.

७ मार्च, शनिवार

सकाळच्या गाडीने न्युरेम्बर्ग. तीन दुकानं. पहिल्यात स्कीची पिशवी दाखवली. दुसऱ्यात गळाच्या काठ्या ठेवायची नळी. तिसऱ्यात धनुष्याचीच केस होती, पत्र्याची, आतून स्पंज. नाकारली. कडी किंचित वाजत होती. शिवाय दुकानदार माझ्या प्रत्येक वाक्याला या, या, म्हणजे हो, हो करत होता. विकायची घाई झालेल्या माणसाकडून मी काही घेत नाही.

मोहन म्हणाला की घ्यायला हवी होती. त्याने आयुष्यात छत्रीसुद्धा विचार करून घेतलेली नाही.

१७ मार्च

टिश्लर गाठला. म्हातारा सुतार, हात चांगला. प्लायवुडची पेटी, आत हिरव्या लोकरी फेल्टचं अस्तर, खास माझ्या मापाची. माप मी स्वतः घेतलं. तीनदा मोजून सरासरी काढली.

सुलेखाला आराखडा दाखवला. मी फारच विचार करतो, असं म्हणाली. मोहनला ती अरे-तुरे करते, म्हणजे धाकट्या भावासारखंच. मला मात्र अहो श्यामकांतराव. आपल्याकडे बाई अहो कुणाला म्हणते हे वेगळं लिहायला नको.

सराव: सध्या मनातल्या मनात.

४ एप्रिल, शनिवार

पेटी आली. देखणी. धनुष्य ठेवलं, अगदी फिट्ट बसलं. मग नेहमीप्रमाणे दोरी उतरवून ठेवायला गेलो. दोरी उतरवली की धनुष्य उलगडतं आणि चार बोटं लांब होतं. झाकण लागेना. माप मी दोरी चढवलेल्या धनुष्याचं घेतलं होतं. तिन्ही वेळा.

चूक टिश्लरची. त्याने विचारायला नको?

५ एप्रिल

शांत डोक्याने विचार केला. धनुष्य दोरी चढवूनच पेटीत ठेवणार. दोरी उतरवायची पद्धत जुन्या लाकडी धनुष्यांची, माझ्या धनुष्यावर फायबरग्लास आहे. माझा प्रबंधच यावर आहे: काचेचे धागे फार दिवस ताणून ठेवले तर ढिले पडतात का. तीन वर्षांत निष्कर्ष आलेला नाही. म्हणजे पडतात असं कुणी म्हणू शकत नाही.

दमट होऊ नये म्हणून पेटी हाइत्सुंगला, म्हणजे खोलीतल्या हीटरला, टेकवून ठेवली आहे. तिथे छान ऊब असते.

१९ एप्रिल

पेटी क्लबात नेली. सगळे बघायला जमले. धनुष्य काढलं असतं तर फेल्ट चुरगळलं असतं, म्हणून काढलं नाही. हेर कुन्त्स म्हणाले, पुढच्या रविवारी निवड आहे, तेव्हा तरी काढावं.

मोहनही आला होता. सुलेखाचे बाण वेचून आणत होता. करमणूक नसली की माणसं काहीही करतात.

२६ एप्रिल. निवड.

लिहावंसं वाटत नाही. छत्तीस बाण. अकरा गवतात. एक शेजारच्याच्या टारगेटवर, तो मात्र बरोबर मध्यभागी.

हेर कुन्त्स यांनी धनुष्य हातात घेतलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि विचारलं की दोरी किती दिवस चढवलेली होती. तीन आठवडे, मी सांगितलं. मुठीच्या वरची पाती पिळली आहे, म्हणाले, आणि धनुष्य माझ्या हातात परत दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

सुलेखा तिसरी. चौथा एक पोस्टमन.

वारा होता.

२ मे, शनिवार

सुलेखा खोलीवर आली. एकटी. बर्लिनची वाट कशाला बघायची, आत्ताच विचारून टाकू, असं ठरवून चहा टाकला. कप हातात देतोय तोच ती म्हणाली की एक विचारायचं होतं, संकोच वाटतो. मी म्हणालो, अजिबात वाटून घेऊ नका.

पेटी हवी होती. बर्लिनपुरती.

तिचं धनुष्य बायकांचं, आखूड. दोरी उतरवून ठेवून पाहिलं. फिट्ट बसलं. बाजूला जागा उरली, तिथे मोहनचा स्वेटर बसला. तो स्वेटर तिच्याकडे कसा, हे विचारायचं राहून गेलं.

पेटी जड आहे म्हणून मोहन बरोबर जातोय. थेट बर्लिनपर्यंत. त्याला तिथे काम निघालं म्हणे.

२१ मे

बर्लिनहून कार्ड. पेटीला ओरखडासुद्धा नाही. सुलेखा पाचवी आली. तिचं आणि मोहनचं ठरलं आहे, घरी पत्रं गेली आहेत. माझे फार उपकार झाले, असं दोघांनी लिहिलंय. शेवटी तिच्या अक्षरात: लग्नात दुसरा काही आहेर नको, जमलं तर ही पेटीच आमच्याकडे राहू द्या.

होकाराचं कार्ड टाकून आलो. येताना रस्त्यात रडू आलं. सायकलवरून उतरलो आणि घरापर्यंत चालत आलो.