शेवाळातलं औषध धुवायचं नाही

२ मार्च
डेपोत वार्षिक तपासणी. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला. वरचा आकडा १७२. म्हणाल्या, हानसाहेब, गोळ्या सुरू करा, मीठ तोडा, महिनाअखेर पुन्हा मोजू. तेव्हाही एकशे साठच्या वर असलात तर बस सोडावी लागेल. माझी बस! बुसानच्या या टेकडीवर ती चढवावी तर मीच.
गोळ्या माझ्या स्वभावात बसत नाहीत. रात्री टीव्हीवर एक तज्ज्ञ सांगत होता, समुद्री शेवाळाने रक्तदाब उतरतो. पुढे तो 'मात्र' म्हणाला, तेवढ्यात मी चॅनेल बदललं. मुद्दा कळला होता.

३ मार्च
मेहुणी दर वसंतात गिजांगच्या किनाऱ्यावरून मियोक पाठवते, सूपाचं समुद्री शेवाळ, मीठ लावलेलं. आज पोतं आलं. नशीब जोरावर आहे.
स्वयंपाकघरात गेलो तर बायको, मि-रान, ते पाण्यात भिजवून, चोळून धुवत होती. पाणी हिरवंगार! सगळं औषध चाललं मोरीत. हातातून परात ओढून घेतली. म्हणते कशी, अहो, ते टिकावं म्हणून मीठ चोळतात, तीन पाण्यांतून काढल्याशिवाय कोणी खातं का? म्हटलं, खातं. आजपासून मी खातो.
सूप घशाखाली उतरेना. औषध म्हटलं की चव बघायची नाही. वर दोन चमचे सोया सॉस घालून घेतला, निदान सुपासारखं तरी लागावं म्हणून.

७ मार्च
तिन्ही त्रिकाळ मियोक सूप. भाताबरोबर मीठ आणि तिळाचं तेल लावून भाजलेला किम. तेही शेवाळच. पाकीट संपेपर्यंत हात थांबत नाही.
तहान फार लागते. शरीर साफ होत असणार. सकाळी आरशात चेहरा भरलेला दिसला. अंगठी बोटातून निघेना. तब्येत सुधारतेय. मि-रानला दाखवलं. ती म्हणाली, सुधारली नाही, सुजलीय. हिला कौतुक करायला जमतच नाही.

१२ मार्च
रक्तदाबाचं मशीन विकत आणलं. १७९. मशीन भिकार निघालं.
मग डाव्या हाताला लावलं. १७४. बघा! उजवा हात दिवसभर गिअर ओढतो, त्याला ताण असणारच. यापुढे डावाच मोजायचा.

१५ मार्च
डेपोत सोबतचा ड्रायव्हर योम दाल-हो याने रामेन खाऊ घातलं. आधी नाही म्हणालो, मीठ वर्ज्य. मग पाकीट फोडलं तर आत शेवाळाचा चौकोनी तुकडा! म्हणजे कंपनीवाल्यांनाही हे माहीत आहे. अर्क रश्श्यात उतरलेला, तो टाकणं पाप. वाडगा तोंडाला लावून संपवला. योमनं विचारलं, माझाही पिणार का? प्यालो.
संध्याकाळी सोजू, आमची दारू. ती घ्यायची नाही असं ठरलंय, पण तोंडी लावायला तळलेलं शेवाळ होतं. एकातून एक वजा झालं.

२१ मार्च, दुपार
बाजाराच्या चढावर, भिंतीपाशी वळताना डोळ्यांपुढे अंधारी आली. क्षणभरच. गाडीत मासळीवाल्या बायका, टोपल्या, एक बाई तान्हं पोर घेऊन. ब्रेक दाबून उभा राहिलो. मागून कोणी ओरडलं, हान, झोपलास का रे?
घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही. टेकडीवर कोणी 'बस आली' म्हणत नाही, 'हान आला' म्हणतात. बस गेल्यावर मी काय म्हणून उतरणार रस्त्यात?
विचार केला. डोस कमी पडतोय. उद्यापासून दोन वाडगे.

३१ मार्च, सकाळ
आज फेरतपासणी. मि-रानने सूप केलंच नाही. म्हणते, परीक्षेच्या दिवशी मियोक? बुळबुळीत खाऊन गेलं की घसरतात, पोरंसोरंही पाळतात. मी पोटभर हसलो. म्हटलं, अगं, रक्तदाब म्हणजे काय गणिताचा पेपर आहे? कुठल्या जमान्यात राहतेस! मी विज्ञानाने चालणारा माणूस. स्वतःच चूल पेटवली. न धुतलेलं, दुप्पट. आता बघाच.

३१ मार्च, दुपार
१९१.
डाव्या हाताला मोजा म्हटलं. मोजलं. सांगत नाही.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाता काय? अभिमानाने सांगितलं सगळं. पोतं, सॉस, किम, रामेनचा रस्सा. ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हानसाहेब, समुद्रात काही शिल्लक ठेवलंत का? शेवाळ बिचारं चांगलंच आहे, तुम्ही मीठ खाल्लंत. आणि या आकड्यावर माणसं भरून चढ चढत होतात? मासळीवाल्या आठवल्या.
बसची किल्ली तिथेच जमा केली.

३१ मार्च, संध्याकाळ
कारण सापडलं. मीठबीठ काही नाही. परीक्षेच्या दिवशी मियोक खाऊन गेलो, घसरलो. पूर्वज उगाच सांगून गेले नाहीत. आणि मि-रानला हे माहीत होतं तर तिने पातेलं हिसकावून का नाही घेतलं? तिला तसं म्हटलं. ती हसायला लागली, हसता हसता जमिनीवर बसली आणि मग रडली. म्हणाली, तुम्ही जिवंत घरी आलात ना, खड्ड्यात गेली ती बस. मग डोळे पुसले आणि उरलेलं पोतं उपसून तीन पाण्यांत घातलं. उद्यापासून तिच्या पद्धतीनेही करून बघू, तिच्या समाधानासाठी.

६ एप्रिल
दवाखान्यात जायला बस धरली. माझीच. स्टिअरिंगवर नवी मुलगी, पोनीटेलवाली. बाजाराच्या चढावर तिला सांगितलं, इथे गिअर आधी उतरव, भिंतीला चिकटून घे. ती आरशात बघत म्हणाली, आजोबा, गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नका. कुठेतरी बसून घ्या, पडाल.
पुढच्या सीटवर मासळीवाली होती, मला ओळखणारी. टोपली उचलून उभी राहिली. म्हणाली, बस रे, बस, लाजू नकोस. म्हटलं, छे, मला कशाला. वळण आलं. मुलीने गिअर बरोबर जागी उतरवला, भिंतीला चिकटून घेतलं.
बसलो.