पप्पांनी आणलेला शब्द

प्रिय लिओन,

मंगळवारपासून माझं डोकं सुन्न आहे. फोनवर बोलता येत नाही, कारण मस्कतहून तुझा फोन आला की आपले पप्पा शेजारीच येऊन बसतात. म्हणून लिहितेय, आणि फोटो काढून मोबाईलवर पाठवतेय.

आयर्लंडला शिकायला जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यायची, आणि त्यासाठी मी कठीण शब्दांची कार्डं केलीत, हे तुला ठाऊक आहे. पण ती कार्डं रोज संध्याकाळी पप्पा हातात धरतात, हे तुला सांगायचं राहिलं. मम्मी गेल्यापासून जेवणापर्यंतचा वेळ त्यांना खायला उठायचा. आता ते हात धुऊन, चष्मा लावून तयार असतात. सातवीपर्यंतच्या इंग्रजीवर एकेक अक्षर वाचतात. मी शब्द ओळखायचा, अर्थ मालवणीत सांगायचा आणि वाक्य करायचं, हा त्यांचाच नियम. वाक्य केल्याशिवाय पुढचं कार्ड मिळत नाही. आणि शब्द त्यांच्याही तोंडात बसले रे! गेल्या महिन्यात बाबूच्या होडीचं इंजिन काही केल्या सुरू होईना, तेव्हा त्याला म्हणाले, "बाबू, ह्या इंजिन ऑब्स्टिनेट आसा." त्यांना म्हणायचं होतं हट्टी; बाबूला वाटलं, नवा पार्ट आणावा लागणार.

मंगळवारी कार्डं संपल्यावर त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. "आज माझो एक शब्द. बघ तुका येता काय." त्यांच्या अक्षरात, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, एकच शब्द. मेटास्टॅटिक. मला आला नाही. पप्पांनी मला हरवलं म्हणून मी टाळ्या वाजवल्या, लिओन. मोबाईलवर अर्थ शोधला आणि मोठ्यांदा सांगितला, की रोग, बहुतेक कॅन्सर, एका जागेवरसून दुसऱ्या जागेर पसारलेलो. "म्हणजे बरो होणा नाय?" त्यांनी विचारलं. मी पुढचं वाचलं आणि म्हटलं, "बहुतेक नाय." मग नियमाप्रमाणे वाक्यही केलं. त्याचा आजार पसरला होता, आता उपाय उरला नव्हता, असं वाक्य. हसत हसत केलं.

पप्पांनी चिठ्ठीची घडी घातली. म्हणाले, "माझ्या रिपोर्टात आसा तो. लिओन औषधां घेवक गेल्लो, तेव्हा मी उतरून घेतलंय."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले. कळलं तेव्हा मी उठून उभी राहिले आणि उभीच राहिले. पप्पांना गोव्याच्या डॉक्टरांना दाखवून आल्यावर तू ओट्यावर बसून सांगितलंस, पोटात अल्सर आहे, तिखट बंद करा. रिपोर्टची फाईल बरोबर मस्कतला घेऊन गेलास, तेव्हाही मला शंका आली नाही. तीन आठवडे मी पप्पांना बिनतिखटाची पेज वाढत होते. रडत मी म्हटलं, पप्पा, माझा अर्थ चुकला असेल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चुकूक नाय गो. बरोब्बर सांगलंस."

माझ्या परीक्षेसाठीच तू गप्प राहिलास, हे मी समजू शकते. तुझ्यावर रागवावं की नाही, ते ठरवता येत नाही. दोन्ही रात्री झोप नाही.

पप्पांनी मला शपथ घातलीय. "लिओनाक सांगा नको. त्येका वायट वाटतला." रविवारी तू नेहमीप्रमाणे अल्सरची चौकशी करशील, ते "बरा वाटता रे" म्हणतील, आणि मी दोघांच्या मध्ये बसून ऐकायचं. ते माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून शपथ मोडून हे पत्र. गोव्याला पुन्हा केव्हा जायचं, मी परीक्षा द्यायची की नाही, सगळं त्यांना विचारूनच ठरवू. पण आधी तू त्यांच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडानं, आपल्या भाषेत, त्यांना खरं सांग. रविवारी फोन करू नकोस. विमानात बस.

वाट बघत, तुझी बहीण,
प्रिन्सी
आरोंदा, गुरुवार