मुखावलोकनातील तांत्रिक अडचणी

मंगळवार, दिनांक चौदा, सकाळी साडेदहा
(चहा झालेला, आंघोळ व्हायची)

स्वस्ति श्री सकलगुणालंकारमंडित, मुक्तस्रोत-संगणक-साम्राज्य-धुरंधर, यूएसबी-विवर-रहस्यवेत्ते, दृश्यग्राहक-यंत्र-संचालन-विधि-प्रणेते, अज्ञजन-प्रश्नप्रहार-सहिष्णुता-महामेरू, चर्चापीठ-चक्रचूडामणी श्रीमान ‘कासव’ यांचे सेवेशी, एका दस्तलेखकाचा, गुडघेदुखीमुळे अष्टांगांपैकी उपलब्ध सहा अंगांनिशी केलेला सविनय नमस्कार.

येथील सर्व क्षेम आहे. माझा रक्तदाब मर्यादेत आहे. ही मर्यादा डॉक्टरांनी अलीकडेच वाढवून दिली आहे. सौ. सुखरूप असून या क्षणी मी काय लिहितो आहे हे पाहण्यासाठी विनाकारण खिडकी पुसत आहेत. आपलेकडील कुशल कळावे.

पत्रास कारण असे की, गेल्या महिन्यात मी इंटरनेटवरील संगणक-चर्चापीठावर कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरविषयी पहिला प्रश्न विचारला, तेव्हापासून कालपर्यंत माझे एकूण तेवीस प्रश्न झाले आणि तेविसांचीही आपण उत्तरे दिलीत. त्याबद्दल आभार मानणे हा या पत्राचा प्रकट हेतू. आभार चर्चापीठावरच मानता आले असते. पोस्टाने, तेही नोंदणी करून, पत्र का पाठवीत आहे आणि आपला पत्ता मला कोणी दिला, हे मुद्दे यथावकाश घेतो. एकतीस वर्षे खरेदीखते, मृत्युपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे लिहिलेल्या माणसाला पूर्वपीठिकेशिवाय मुद्द्यावर येता येत नाही.

पूर्वपीठिका अशी. माझ्या टेबलावरचा संगणक दोन वर्षांपूर्वी इतका मंदावला होता की दस्त छापायला सांगून मी दाढी उरकून परत येत असे. तेव्हा माझ्या एकुलत्या एक मुलीने त्यातली विकतची प्रणाली काढून ही मुक्तस्रोत प्रणाली बसवली, पडद्याला निळी पार्श्वभूमी दिली, माझ्या कागदांसाठी ‘बाबांचे’ नावाचे एक फोल्डर उघडून दिले आणि पुढच्या महिन्यात घर सोडले. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. दुसऱ्या घटनेचा तपशील प्रस्तुत पत्राच्या कक्षेबाहेर आहे.

गेल्या महिन्यात तिच्याकडून एक खोके आले. आत हा कॅमेरा आणि एक चिठ्ठी. ‘बाबा, हा लावा. ज्या रविवारी चालेल त्या रविवारी पाच वाजता आम्ही समोर बसतो. पण दोघं दिसू. नाहीतर कोणीच नाही.’ दोन वर्षांत तिचा मला आलेला हा पहिला मजकूर. मसुदा म्हणून निर्दोष आहे. अट एक, मुदत मोकळी, पळवाट शून्य. तालीम कोणाची, हे सांगणे नलगे.

कॅमेरा लावला. पडदा काळाकुट्ट. यंत्र उचलून गल्लीच्या टोकाच्या दुकानात नेले. दुकानदार म्हणाला की काका, हा कॅमेरा या सिस्टीमवर चालायचा नाही, हे सगळं उडवतो आणि नेहमीची टाकून देतो, पाच मिनिटांचं काम. त्याचा हात कळफलकाकडे गेला मात्र, मी यंत्र कवेत घेतले आणि वायरी लोंबत असतानाच भर रस्त्याने घरी आलो. सौ.नी कारण विचारले. त्याचे दुकान अस्वच्छ होते, असे मी सांगितले. त्याचे दुकान आमच्या घरापेक्षा स्वच्छ आहे.

तेव्हा मी चर्चापीठाच्या दारी आलो. माझा पहिला प्रश्न ‘सविनय सादर निवेदन ऐसे की’ या शब्दांनी सुरू होत असल्याने तीन सभासद हसले, एकाने मला निरोप लिहिणारे यंत्र समजून हाकलण्याची सूचना केली, आणि आपण ‘कासव’ या टोपणनावाने लिहिलेत: ‘काका, घाबरू नका. कॅमेरा यंत्राला दिसतोय, फक्त त्याच्याशी बोलायचं कसं ते यंत्राला माहीत नाही. ड्रायव्हर म्हणजे मधला दुभाषा. आपण तो बसवू.’

त्या दुभाष्यासोबत एक परवाना आला. असले परवाने कोणी वाचत नाही असे ऐकतो. मी तीनदा वाचला, तिसऱ्यांदा उभ्याने. हा प्रोग्रॅम कोणीही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, पुढे द्यावा. मात्र ज्याला द्याल त्यालाही हेच सर्व अधिकार द्यावेत. मी शेकडो बक्षीसपत्रे लिहिली आहेत. प्रत्येकात देणाऱ्याचा एक हात वस्तूवरून काही सुटत नाही. आमरण राहण्याचा हक्क, विहिरीचे पाणी, आंब्याचे झाड, काहीतरी मागे ठेवलेलेच असते. येथे देणाऱ्याने स्वतःसाठी काहीच ठेवलेले नाही. खाली ‘कोणतीही हमी नाही’ असेही स्वच्छ लिहिले आहे. इतका प्रामाणिक दस्त माझ्या हातून झालेला नाही, हे मी तेव्हा मनात नोंदवले आणि लगेच त्यावर रेघ मारली. रेघ का मारली, तेही यथावकाश.

ड्रायव्हर बसला, तरी यंत्राने परवानगी नाकारली. कॅमेऱ्यातून पाहण्याचा अधिकार असलेल्यांचा एक गट असतो आणि माझ्याच घरातल्या त्या गटात मी नव्हतो. आपण गटप्रवेशाची आज्ञा लिहून पाठवलीत. आपली प्रत्येक आज्ञा मी आधी रजिस्टरात शाईने उतरवतो, वाचतो, आणि मगच कळफलकाला हात लावतो. त्या आज्ञेत उणे चिन्हासह ‘ए’ असे एकच अक्षर पुढे एकटे उभे होते. मसुद्यातले फालतू शब्द छाटणे हा माझा स्वभावच झालेला आहे. मी ते छाटले.

परिणाम आपणांस ठाऊक आहे. त्या एका अक्षराचा अर्थ ‘आधीचे सर्व गट कायम ठेवून’ असा होता. ते नसल्याने यंत्राने मला नव्या गटात घेतले आणि बाकी सगळ्यांतून बेदखल केले; त्यात प्रशासकांचाही गट होता. पुढची आज्ञा देताच उत्तर आले की आपण अधिकृत व्यक्तींच्या यादीत नाही आणि या घटनेचा अहवाल पाठवण्यात येईल.

कोणाकडे, ते लिहिलेले नव्हते. मी तीन पानी खुलासा तयार केला, दोन प्रती काढल्या आणि इस्त्रीचा सदरा घालून दोन दिवस बैठकीत बसलो. दाराची घंटा वाजली की सौ. म्हणत, ‘आले बघा तुम्हाला न्यायला.’ तिसऱ्या दिवशी आपला खुलासा आला: ‘काका, तो अहवाल यंत्राच्या प्रमुखाकडे जातो. प्रमुख तुम्हीच आहात.’ मी माझा अर्ज स्वतःकडे दाखल करून घेतला, वाचला आणि सक्त ताकीद देऊन स्वतःस सोडून दिले.

येथून पुढे लेखणी जरा जड चालते. कागद बदलतो.

बेदखली रद्द करण्यासाठी आपण मला यंत्राच्या दुरुस्तीकक्षात नेलेत. तेथली अक्षरे मुंगीएवढी. काहीच वाचता येत नाही, अशी तक्रार मी सौ.च्या मोबाइलवरून चर्चापीठावर नोंदवली. हा प्रश्न क्रमांक चौदा. आपले उत्तर एका ओळीचे होते. ‘काका, चष्मा डोक्यावर आहे का बघा.’

चष्मा डोक्यावर होता.

मी ती ओळ सौ.ना वाचून दाखवली आणि विचारले की या गृहस्थाला हे कसे ठाऊक. सौ. टॉवेलची घडी करीत होत्या. त्यांनी ती मोडली, पुन्हा केली, पुन्हा मोडली. मग म्हणाल्या, ‘अंदाजानं म्हणाला असेल.’ त्यांना खोटे बोलता येत नाही. तो विभाग आमच्या घरी माझ्याकडे आहे. मी नुसता बघत राहिलो. तेव्हा त्यांनी टॉवेल खाली ठेवला.

‘असं बघता काय? सगळी दुनिया सोडून तुम्हाला रोज दोन-दोन पानं उत्तरं कोण लिहीत बसणार? जावईच बसणार.’

मग सर्व बाहेर आले. ड्रायव्हर आपणच लिहिलेला. आपला ड्रायव्हर ज्याला लागतो असाच कॅमेरा मुलीने मुद्दाम धाडला. सौ. तिच्याशी दोन वर्षे रोज फोनवर बोलत आहेत. मी समजत होतो की त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जातात. आमचे कपडे इतके नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. पत्ताही त्यांच्याच वहीतला.

आता ती कक्षेबाहेर ठेवलेली घटना कक्षेत घेतो. दोन वर्षांपूर्वी आपण आमच्या बैठकीत आला होतात. आपण काय करता, असे मी विचारले. प्रोग्रॅम लिहितो आणि सगळ्यांसाठी खुले ठेवतो, असे आपण म्हणालात. मी विचारले, मालकी कोणाची? आपण म्हणालात, सगळ्यांची. जो स्वतःच्या कामावर हक्क सांगत नाही तो माझ्या मुलीची जबाबदारी काय घेणार, असे मी आपल्यादेखत म्हटले. परवाना वाचून मनातल्या नोंदीवर मारलेली रेघ या वाक्यापायी. मुलगी उठली आणि म्हणाली, ‘बाबा, मी काय प्लॉट आहे?’ आपणही उठलात. चपला घालताना मला नमस्कार मात्र केलात. तो मी घेतला नाही.

त्याच संध्याकाळी मी एक प्रतिज्ञापत्र लिहिले. ‘सदर इसमाचे मुखावलोकन मी प्रत्यक्ष, छायाचित्राद्वारे, आरशातून, अथवा यापुढे शोध लागेल अशा कोणत्याही साधनाद्वारे आमरण करणार नाही.’ खाली माझी सही, साक्षीदार म्हणून सौ.ची. माझ्या कारकिर्दीतला तो सर्वांत घट्ट दस्त आहे. गेले अकरा दिवस मी त्यात पळवाट शोधतो आहे आणि लिहिणाऱ्याला शिव्या घालतो आहे.

अकरा दिवस का, हा कबुलीजबाबाचा भाग. चष्मा डोळ्यांवर आणल्यानंतर त्याच दुपारी कॅमेरा सुरू झाला. हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर एक थकलेला माणूस दिसला. मी त्याला अहो म्हणणार होतो. म्हणजे प्रश्न क्रमांक पंधरा ते तेवीस हे सर्व खोटे आहेत. चित्र जांभळे दिसते, हे खोटे. कॅमेरा तापतो, हे खोटे; तो थंडगार आहे. दमट हवेचा ड्रायव्हरवर परिणाम होतो काय, या बाविसाव्या प्रश्नाला तर प्रश्न म्हणण्याचीही मला लाज वाटते. त्यावर आपण शांतपणे दीड पान लिहिलेत.

खोटे का विचारले? एक तर, संध्याकाळी आपले उत्तर येते. ते मी सौ.ना मोठ्याने वाचून दाखवतो, त्या मधेच हसतात आणि म्हणतात, ‘किती समजुतीनं लिहितो पोरगा.’ कॅमेरा सुधारला असे कळवले असते तर ते बंद झाले असते. दुसरे असे की, या अकरा दिवसांत दोन रविवार येऊन गेले. दोन्ही वेळा पावणेपाचला मी यंत्र बंद केले आणि जुन्या पावत्यांचे गठ्ठे सोडून पुन्हा बांधले. आपण पडद्यावर आलात आणि मला पाहून उठून गेलात तर? उठून जाण्याचा आपला हक्क कोणताही दस्तलेखक नाकारू शकणार नाही.

काल आपले तेविसावे उत्तर आले. ‘काका, आता यात काही बिघाड उरलेला नाही. पण घाई नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा.’

हे मी सौ.ना वाचून दाखवले नाही. त्यांनी ते स्वतःच मागून वाचले. मी प्रतिज्ञापत्राची अडचण पुढे केली. साक्षीदाराच्या सहीनिशी झालेला दस्त असा वाऱ्यावर सोडता येत नाही, असे म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘मी सही केली कारण तुम्ही दुपारपासून जेवला नव्हतात, आणि सही केलीस तर जेवतो म्हणालात. त्या कागदावर काय लिहिलंय तेसुद्धा मी वाचलं नाही. आणा इकडे.’

तो फाडू दिला नाही. त्याची रीत असते. सबब, उपरोक्त प्रतिज्ञापत्र मी माझ्या राजीखुशीने, पूर्ण अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय (हे कलम सौ. खुर्चीमागे उभ्या असताना लिहिले आहे) या पत्रान्वये रद्द करीत आहे. आपण बैठकीतून जाताना केलेला नमस्कार आजच्या तारखेने स्वीकारीत आहे.

मी चुकलो. हे वाक्य कोणत्याही नमुन्यातून घेतलेले नाही. त्यामुळे त्यात काही उणे असल्यास सांगावे.

येत्या रविवारी पाच वाजता कॅमेरा सुरू असेल. तिला काय सांगायचे ते आपण सांगू नये. मी सांगेन, जमले नाही तर नुसता बसेन. दोघे दिसा.

कळावे, लोभ असावा. तो यापूर्वी मागितला नव्हता म्हणून आता मागतो.

आपला (हा शब्द कच्च्या मसुद्यात तीनदा खोडला होता)
सासरा

ता. क. कॅमेऱ्याची वायर एक वीत आखूड आहे. त्यामुळे तो पडद्याच्या माथ्यावर न बसता टेबलाच्या डाव्या कडेवर बसतो आणि तेथून बरोबर दीड माणूस दिसतो. आज सकाळी आम्ही उभयता बसून पाहिले. सौ. संपूर्ण आल्या आणि मी कानापासून नाकापर्यंत. स्टूल तिरके केले तर मी संपूर्ण येतो, पण सौ.चे कपाळ जाते आणि त्या ते मान्य करीत नाहीत. मागे सरकावे तर लोखंडी कपाट आहे. कपाट हलवायला चार माणसे लागतात, आणि मी दोघांना विचारले तर दोघांनीही एकाच दिवशी कंबर धरली. टेबल सरकवावे तर विजेचा प्लग पोहोचत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड आहे, पण तो सौ.नी मिक्सरला लावला आहे आणि काढू देत नाहीत. सबब, हा प्रश्न क्रमांक चोवीस समजावा; हा खरा आहे.