झोईच्या शेजारचा चेहरा

पार्सिपनी, ६ मार्च २००४

चि. गं. भा. मालिनीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. बर्फ वितळतोय, तुझ्या वहिनीचा गुडघाही आता कुरकुरत नाही.

माझ्या पुस्तकाच्या दहाव्या प्रकरणाची तू केलेली सुवाच्य प्रत मिळाली. अक्षर नेहमीप्रमाणे छापल्यासारखं. फक्त सम्राट दुसऱ्या बासिलचा मृत्यू १०२५ ऐवजी तू १०५२ साली घडवलास. सत्तावीस वर्षं जास्त जगवल्याबद्दल तो तुझे आभार मानेल, मी नाही.

अकरावं प्रकरण पाठवून पाच आठवडे झाले. कॉन्स्टँटिनोपलची सम्राज्ञी झोई, चौसष्टाव्या वर्षी तिसरं लग्न. इतकं रंगतदार प्रकरण तुझ्याकडे पडून राहतंच कसं? मनगट दुखतंय का? पुण्याच्या प्रकाशकांना मेअखेर सगळं बाड हवंय. दिवसभर कंपनीत मी इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतो. इतिहासाची पदवी नसलेल्या माणसाला स्वतःच्या बायझंटाईन इतिहासात एकही चूक परवडत नाही.

ईशानला आशीर्वाद. लोभ आहेच, तो अकराव्या प्रकरणावरही असू दे.

तुझा,
प्रल्हाददादा


शॉमबर्ग, १४ मार्च २००४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मनगट ठणठणीत आहे. मी पान चारवर अडलेय.

तिथे तू लिहिलंयस, ‘या उतावळ्या म्हातारीची बोहल्यावर चढण्याची हौस काही फिटेना.’ तुझ्या प्रत्येक वाक्याला टीप असते, अगदी राजवाड्याच्या खांबांनासुद्धा. या वाक्याला नाही. हे कोणी सांगितलं, दादा?

आता खरं कारण. गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत तुझ्याशी तासभर वाद घालणारे श्रीरंग आठवतात ना, नागपूरचे, पूल बांधणारे? त्यांची पत्नी जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी मला लग्नाचं विचारलंय. ईशानला भीत भीत सांगितलं, तर तो म्हणाला की, आई, फायनली. मी अजून होकार दिलेला नाही.

संजय तुझा जिवलग मित्र. आमचं लग्न तूच जुळवलंस. तो गेल्याला सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून तू पत्राच्या माथ्यावर गं. भा. लिहितोस. रीत म्हणून लिहितोस, माहीत आहे. पण मी दर वेळी ते वाचते. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्याच अक्षरात ते वाक्य उतरवायला हात धजत नाही.

परवानगी मागत नाहीये. पण तू येणार नसशील, तर मला हे लग्न करायचं नाही.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
मालिनी


पार्सिपनी, ४ एप्रिल २००४

प्रिय मालिनी,

स. न. वि. वि.

तुला दादांचं पत्र नाही म्हणून मी लिहितेय. त्यांना हे पत्र दाखवणार नाही.

तुझं पत्र वाचून ते उठून गराजमध्ये गेले. जेवताना एवढंच म्हणाले, “म्हणजे संजयला पुसून टाकायचं.” मी म्हटलं, तसं तिनं कुठे लिहिलंय ते दाखवा. दाखवता आलं नाही.

त्यानंतर तिन्ही शनिवार लायब्ररीत गेलेत. काल कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चमधल्या भिंतीवरच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक घरी आणलं आणि भिंग घेऊन बसलेत. मला विचारलं की माणूस शेजारी आला की बाईचा चेहरा बदलतो का. मी म्हटलं, लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर विचारताय होय!

थोडा धीर धर. आठवण ठेव.

तुझी,
पद्मजा


पार्सिपनी, १० एप्रिल २००४

चि. सौ. कां. मालिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पान चारवरच्या त्या वाक्याला आधार सापडला नाही. ते वाक्य झोईचं नव्हतं, माझं होतं. काढून टाकलं.

हागिया सोफियाच्या सज्जात झोईचं एक चित्र आहे, रंगीत खड्यांचं. मधे येशू, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला नवरा. आधी तिथे बहुधा तिचा पहिला नवरा होता (तज्ज्ञ बहुधा म्हणतात, म्हणून मीही बहुधा). तिसऱ्या लग्नानंतर त्याचा चेहरा आणि नाव काढून नवं बसवलं. ही सगळी खरवडाखरवडी मी आजवर थट्टेनं सांगत आलो. आता भिंगातून पाहिलं. नवं नाव बसवताना कारागिराला जागा पुरलेली नाही, अक्षरं दाटीवाटीनं बसलीत. आधी तिथे कोणीतरी होतं, हे हजार वर्षांनी मलासुद्धा कळतं. संजय कुठे जात नाही, माले.

आणि झोईचाही चेहरा तेव्हाच नव्यानं केलेला आहे. तो का केला, याला टीप देता येत नाही. तुझी वहिनी म्हणते, गरजही नाही.

आणखी एक. तिसरं लग्न चर्चच्या नियमाबाहेरचं, म्हणून तेव्हाच्या मुख्य धर्मगुरूंनी ते स्वतः लावलं नाही. लागल्यावर मात्र दोघांना जवळ घेतलं (टीप २३). मी तेवढं थांबणार नाही. आदल्या दिवशीच येतो. तारीख कळव.

सोबत नवं पान चार. उतरवताना साल तपास. आमच्यावरचा लोभ आता दोघांनी मिळून वाढवावा.

तुझा,
दादा

ता. क. वधूच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो, हे श्रीरंगरावांना सांगून ठेव. माझं काम बारकाईचं असतं.