सायकलवरून न उतरण्याबद्दल

ता. धानोरा
२० फेब्रुवारी २००५

प्रिय बाबा,

जयभीम. पत्र पाहून घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा ऊन पडायला लागल्यापासून कमी दुखतो आणि दादाने तूर झोडून घरात आणली. फोन करणार होते, पण बूथवर पाठीमागे चार माणसं कान लावून उभी असतात आणि तिकडे अहेरीला डेपोतला फोन तुमच्या साहेबांच्या टेबलावर. जे सांगायचं आहे ते असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. मी फार वैतागले आहे, बाबा. परीक्षेच्या दिवसांतही एवढी वैतागले नव्हते.

सहा मार्चला धानोऱ्यात बायकांची शर्यत आहे. दोघींची जोडी आणि जोडीत सायकल एकच. एकीने सायकल चालवायची, दुसरीने पळायचं. सायकलवाली पुढे जाऊन सायकल रस्त्याच्या कडेला ठेवते आणि स्वतः पळत सुटते, मागची येऊन ती सायकल घेते आणि तिला गाठून पुढे जाते. डबलसीट बसलं की जोडी बाद. बसस्टँडपासून आपल्या गावच्या शाळेपर्यंत सहा किलोमीटर आणि तसंच परत. भरवणाऱ्या संस्थेने मला ग्रॅज्युएट म्हणून गावातल्या बायका गोळा करायचं काम दिलं. मी घरोघरी फिरले, बचत गटात भाषण दिलं, बावीस जणींनी हो म्हटलं. नावं लिहायच्या दिवशी कोणाची म्हैस व्यायला झाली, कोणाकडे पाहुणे आले. उरले मी. मग मी माझ्या नावाखाली दामिनी वहिनीचं नाव लिहिलं आणि घरी येऊन तिला सांगितलं. ती भाकर थापत होती. म्हणाली, "आधी विचाराचं नाई का जी बाई?" पण हसत म्हणाली.

वहिनी पळते कशी, ते तुम्ही पाहिलेलं नाही. तिच्या माहेराहून शाळा चार किलोमीटर होती आणि घरातलं काम उरकून निघायला रोज उशीर व्हायचा, म्हणून ती रोज पळत जायची. पहिल्या सकाळी तिने मला अर्ध्या किलोमीटरमध्ये मागे टाकलं. सायकलही तशीच चालवते, दादाची ती मधल्या दांड्याची जड सायकल, तीसुद्धा! आईने कुरकुरत का होईना माझा जुना पंजाबी ड्रेस तिला उसवून सैल करून दिला. "दोघीबी येड्या झाल्या वो," असं म्हणत रोज पहाटे तीच आम्हाला उठवते. दादा चेनला तेल देतो. म्हणजे घरातून काही अडचण नाही, असं मी समजत होते.

अडचण गावात शिरल्यावर सुरू होते. समोर म्हातारा माणूस दिसला की वहिनी सायकलवरून उतरते. उतरते, डोक्यावर ओढणी घेते, खाली बघत सायकल हाताने ढकलत नेते आणि तो मागे गेला की पुन्हा बसते. तुम्हाला माहीतच आहे, सकाळच्या उन्हाला आपल्या रस्त्यावर म्हाताऱ्यांशिवाय असतं कोण? नाल्याच्या पुलापासून शाळेपर्यंत मी मोजलं, अकरा वेळा उतरली. त्यातल्या एका वेळी तर माणूसही नव्हता, सुगंधाबाईच्या कुंपणावर धोतर आणि वर टोपी वाळत घातली होती. मी ओरडले, "वहिनी, धोतर आहे ते!" तर म्हणते, "मले का मालूम, रिकामं आहे म्हणून?"

मी तिला समजावलं. मान मनात असतो, सायकलच्या सीटवर नसतो, असंही म्हटलं. बाबासाहेबांचं नाव घेतलं. ती सगळं ऐकते, मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरते. "पाय आपोआप खाली येते बाई, मी आणत नाई." मग मी युक्ती काढली की गावात सायकल मी चालवायची आणि तिने पळायचं. तर पळताना म्हातारे दिसले की ती चालायला लागते! आणि त्याच दिवशी माझी फजिती झाली. चौथीला मला शिकवणारे गुणवंतराव गुरुजी शाळेच्या फाटकाशी उभे होते. मी त्यांना नमस्कार केला तेव्हा कळलं की मी जमिनीवर उभी आहे. केव्हा उतरले, देव जाणे. मागून वहिनी येत होती, ती हसून हसून रस्त्यातच बसली. "बीए झाल्या तरी उतरल्याच ना बाई!" आता सांगा, हिला मी काय शिकवू?

मग मी म्हाताऱ्यांनाच गाठलं. मला वाटलं होतं, भांडण होईल. पण वारलू काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमी का तिले उतर म्हणतो का वो? तिची तीच उतरते." काल सकाळी ते पारावर होते तेवढ्या सगळ्यांना म्हणाले, "चला रे, पाठ करा तिकडे." सहाच्या सहा म्हातारे पाठ फिरवून बसले आणि काका ओरडले, "जा वो सूनबाई, आज आमी सारे आंधळे!" आणि बाबा, वहिनी गेली. सीटवर बसून, घंटी वाजवत गेली. मी मागून पळत होते, मला धाप लागली होती तरी मी टाळ्या वाजवत होते.

आपल्या घरासमोर ती उतरली.

अंगणात कोणी नव्हतं. आई परसात होती, दादा शेतावर. मी तिथेच, रस्त्यात, तिच्यावर चिडले. ज्यांना पाहून उतरायची त्यांनी तोंडं फिरवली, आता कोणासाठी उतरली? तिने निंबाखालच्या तुमच्या खाटेकडे बोट दाखवलं. "मामाजीची खाट आहे ना." आणि घरात जाऊन म्हणाली, "माझं नाव काढून टाका बाई. माझ्यापाई तुमीबी हराल."

दुपारी तांदूळ निवडताना तिने सांगितलं. लग्नाला पाच दिवस झाले होते. घरात मीठ नव्हतं, ती दादाची सायकल घेऊन दुकानात निघाली. तुम्ही खाटेवर होता. तुम्ही खोकललात. एकदाच. बोललात काहीच नाही. ती उतरली आणि दुकानापर्यंत चालत गेली. तीन वर्षं झाली त्याला. तुम्हाला ते आठवतही नसेल, तुम्हाला खरंच ठसका लागला असेल, मी तिला तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "असंन जी." आणि तांदूळ निवडत राहिली.

मग ती आणखी एक गोष्ट बोलली. दर चौदा एप्रिलला विहारात तुम्ही सांगता, की आजोबांना मालगुजाराच्या घरासमोर सायकलवरून उतरावं लागायचं, आणि एकोणीस वर्षांचे असताना तुम्ही मित्राची सायकल मागून आणली आणि त्या घरासमोरून न उतरता गेलात. आतून "उतर बे" म्हणून ओरडले, तरी पायडल थांबवलं नाही. मी लहानपणापासून पहिल्या रांगेत बसून ते ऐकत आले, मला ते पाठ आहे. वहिनीने बायकांच्या मागच्या रांगेत बसून तीन वेळा ऐकलं आहे. ती म्हणाली, "मामाजी उतरले नाई. मले लय चांगलं वाटते ते आयकाले. मग मी काऊन उतरतो, असं मनात येते. पण पाय खालीच येते."

मी तुमच्याकडे परवानगी मागत नाही. तशी ती मागायची वेळच येऊ नये, असं तुम्हीच मला शिकवलं. तुम्ही चुकलात असं म्हणायची माझी हिंमत होत नाही आणि नाही म्हणावं तर तेही खोटं होईल. नावं पक्की करायची शेवटची तारीख सत्तावीस आहे. हे पत्र उद्याच्या अहेरी बसच्या कंडक्टरजवळ देते आहे, तो परवा परत येतो. मला उत्तर लिहू नका, बाबा. वहिनी सातवी शिकलेली आहे, तिला वाचता येतं, आणि या घरात आल्यापासून तिच्या नावाने एकही पत्र आलेलं नाही. एकच ओळ लिहा, पण तुमच्या हाताने लिहा, साहेबांच्या बाबूकडून नको. सोबत रिकामं पाकीट ठेवलं आहे. त्यावर नाव मी तिचं घातलं आहे.

तुमचीच,
संघप्रिया