लवंग तेलाची बाटली

हेंग,

फ्रिजवरची लवंग तेलाची बाटली शोधू नकोस, ती माझ्या पर्समध्ये आहे. बाबांच्या आरोवाना माशाचे हाल संपवायला तू ती आणलीस, आणि तुझंच बरोबर आहे. चार दिवस तो मासा टाकीच्या तळाशी आडवा पडून धापा टाकतोय. आता काही तो वाचत नाही. तेल पाण्यात घातलं की झोपेतच जाईल, हे मलाही पटतं.

पण आई सकाळपासून टाकीसमोर स्टूल टाकून बसली होती. म्हणाली, "घरावरचं संकट तो अंगावर घेतोय. त्याला तुम्ही मारलंत, तर ते बाबांवर उलटेल." मी तिला खुळी म्हणाले, चांगली भांडले. मग तिला हॉस्पिटलला घेऊन निघताना बाटली गुपचूप उचलली.

टाकीचा दिवा लावू नकोस, त्याला उजेड सोसत नाही. भात कुकरमध्ये आहे.

बाबांनी सकाळी हॉस्पिटलमधून फोनवर आधी माशाचंच विचारलं. मी म्हटलं, पोहतोय. त्यांचं ऑपरेशन चार तास चालणार आहे. तेवढा वेळ त्याने तशाच धापा टाकत काढावा, असं मला वाटतंय.

सूक यी