वजनकाट्याच्या रकान्यात ताई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (सामानाच्या खोलीत कापसाच्या गठ्ठ्यांमुळे साष्टांग घालायला जागा नाही, तेव्हा आठांपैकी हात आणि डोकं एवढंच पोचलं असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भाचीच्या सातव्या मजल्याची लिफ्ट चालते ना, की तिलाही अधूनमधून विश्रांती लागते? भाचीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल. म्हणजे प्रत्येकाचं काही ना काही दुखतं, पण ऐकून घ्यायला कुणी नाही, म्हणून खुशाल. तुझी चार पत्रं मिळाली. चारही मिळून नऊ ओळी भरल्या आणि त्यातल्या चार 'मी बरी आहे, काळजी नसावी' अशा होत्या. लहानपणी तू मला 'लांबण' म्हणायचीस. आपल्या दोघांच्या वाट्याची बडबड एकट्या माझ्याच पदरात पडली, त्याला मी काय करू? तेव्हा चष्मा लाव आणि नीट बस. काम महत्त्वाचं आहे.

तर झालं असं, की लहान मुलांचे तातडीचे उपचार सुधारायला हवेत हे सरकारच्या एकदाचं ध्यानात आलं आणि आपल्यासारख्या दवाखान्यांसाठी अनुदान निघालं. बेचाळीस पानांचा अर्ज आला. मोठ्या डॉक्टरांनी तो कंपाउंडरकडे दिला, कंपाउंडरने तुझ्या जागी आलेल्या नव्या सिस्टरकडे, तिने माझ्याकडे, आणि माझ्या खोलीच्या पुढे भिंतच असल्यामुळे तो माझ्याकडेच राहिला. (माझं अक्षर चांगलं आहे, हे लोकांना अर्ज आला की आठवतं. एरवी मी बँडेजची पेटी कुठे आहे ते सांगणारा माणूस.) सोळाव्या प्रश्नापर्यंत मी सुखरूप पोचलो. खाटा किती, पंखे किती, फिरणारे किती. सतराव्याला गाडी अडली. 'बालरुग्णाचे वजन कोणत्या साधनाने घेतले जाते?'

आता तूच सांग, मी काय लिहायचं? आपला काटा तुला माहीत आहे. त्याच्यावर मूल ठेवा, उशी ठेवा, नाहीतर नुसतं रागाने बघा, तो चाळीसच दाखवतो. मुलांचं औषध वजनावर ठरतं, हे माझ्यासारख्या सामानवाल्यालाही कळतं. मग आपल्याकडे सव्वीस वर्षं ते ठरलं कसं? दारातून मूल आलं की तू ते आईच्या हातातून घ्यायचीस, दोनदा अलगद झुलवायचीस आणि म्हणायचीस, "साडेतेरा." डॉक्टर साडेतेरा लिहायचे. मी मेल्यावर खोटं बोलल्याचा जाब द्यावा लागू नये म्हणून मी साधनाच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, 'ताई'. पुढे विचारलं होतं, किती वर्षे वापरात? सव्वीस. काही बिघाड? गुडघे. सध्याची स्थिती? इथे माझा हात थांबला, ताई. 'पंधरा महिन्यांपूर्वी मुलीकडे गेली' असं लिहायला हवं होतं. पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. शेवटी लिहिलं, 'चालू'.

पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दाने घडवलं. महिन्याभराने तपासणीच्या बाई आल्या. बारीक चणीच्या, खांद्याला भली मोठी पिशवी, आणि चेहरा असा की विनोद जवळ आला तर त्यालाच ओळखपत्र मागतील. त्यांनी खाटा मोजल्या, पंखे मोजले, आणि सतराव्या प्रश्नाचं पान काढून शांतपणे म्हणाल्या, "हे साधन मला बघायचंय." मोठ्या डॉक्टरांनी अर्ज वाचलाच नव्हता (सही मात्र झोकात केली होती). ते माझ्याकडे बघायला लागले, मी जमिनीकडे. तेवढ्यात कंपाउंडर बोलून गेला, "त्या चहाला गेल्यात." बाई म्हणाल्या, "थांबते." आणि खरंच बसल्या की ग! बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. समोरच ड्युटीचा फळा, त्यावर सगळ्यात वर तुझं नाव. ते तू जाताना पुसायचं राहिलं असं नाही. आम्ही कुणी पुसलं नाही. तीन वेळा फळा धुतला, तिन्ही वेळा तेवढी ओळ सोडून.

अर्धा तास झाला तरी तुझा चहा संपेना. शेवटी कुळाची अब्रू राखायला मी पुढे झालो. म्हटलं, मी तिचा सख्खा भाऊ, ही विद्या आमच्या घरातली आहे. बाईंनी पिशवीतून सरावाची बाहुली काढली, दोन वर्षांच्या मुलाएवढी. मी ती घेतली, तुझ्यासारखी दोनदा झुलवली, डोळे मिटले (तू मिटत नाहीस, पण मला वाटलं, शोभेल) आणि सांगितलं, "अठरा." बाहुली आतून पोकळ होती. पुरती तीन किलोही नव्हती. नवी सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली ती बराच वेळ आत आलीच नाही.

पण त्यानंतर कुणी हसलं नाही. एक बाप दारातून धावत आला. हातात लहान मुलगी, अंग तापलेलं, डोळे फिरलेले, आकडी थांबत नव्हती. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती. डॉक्टरांनी औषध हातात घेतलं आणि सवयीने म्हणाले, "वजन?" ताई, आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. डॉक्टरांनी, कंपाउंडरने, रुमालवाल्या सिस्टरने, मी. एक क्षणच असेल, पण दार रिकामं होतं. बाईंनी पिशवीतून एक रंगीत पट्टी काढली आणि मुलीच्या डोक्यापासून टाचेपर्यंत पसरली. टाच ज्या रंगावर आली तिथे वजन आणि औषधाचं माप छापलेलंच होतं. सिस्टरने वाचलं, डॉक्टरांनी दिलं. थोड्या वेळाने मुलगी रडली, आणि इतक्या मोठ्याने रडली, की बापही रडायला लागला, मग कंपाउंडर. (मी नाही रडलो. माझ्या डोळ्यांत फिनेल गेलं होतं.)

नंतर बाई माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "चहाला गेलेल्या बाई परत येणार आहेत का?"  मी त्यांच्या पुढ्यात मागणीवही ठेवली. तुझ्या हस्ताक्षरात अकरा मागण्या आहेत तिच्यात, वर्षाला एक. 'मुलांसाठी वेगळा वजनकाटा द्यावा. हात चुकू शकतात.' दर वर्षी तेच शब्द, आणि दर वर्षी खाली कुणाची तरी 'पाहिले' अशी सही. बाईंनी अकराही वाचल्या. तू आधीची अकरा वर्षं सांगत होतीस की हात चुकू शकतात, आणि ते एकदा चुकले तेव्हा दोष तेवढा स्वतःकडे घेऊन गेलीस. एका तान्ह्या मुलीला तू अकरा किलो म्हणालीस, तिच्या आईच्या पिशवीतल्या लसीच्या कार्डावर नऊ निघाले, डॉक्टरांनी सुई टोचायच्या आधी माप बदललं. कुणाला काही झालं नाही. तू मात्र त्याच आठवड्यात उरलेली रजा टाकलीस, एप्रन घडी करून माझ्या फडताळात ठेवलास आणि निघून गेलीस. मी स्टेशनवर बडबडतच होतो. तू खिडकीतून म्हणालीस, "हात फसले रे."  त्यावर काय म्हणायचं ते पंधरा महिने झाले, अजून शोधतोय.

असो. आता मुद्द्यावर येतो. अनुदान एका अटीवर अडलं आहे. मुलांच्या तातडीच्या उपचारांची जबाबदारी घेणारी अनुभवी व्यक्ती दवाखान्याने नेमायची आणि तिने स्वतः हजर राहून महिनाअखेर सही करायची. न केल्यास अनुदान दुसरीकडे जाणार. सगळ्यांच्या मते ती व्यक्ती तूच. तेव्हा सरकारी काम समजून यावं, ही विनंती. मुलांचा प्रश्न आहे. माझा काही नाही.

तुझा आज्ञाधारक,
लांबण

ता.क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि तुझे डोळे आठवले, म्हणून खरं लिहितो. अट खरी आहे, पण ती कधीच पुरी झाली. नव्या सिस्टरला नेमलं. पोरगी हुशार आहे, न अडखळता काम करते, आणि मी अठरा म्हणालो ते आल्यागेल्याला सांगते. अनुदान मंजूर झालं. बाईंनी माझं सतराव्या प्रश्नाचं पान काढून टाकलं आणि त्या जागी तुझ्या अकरा मागण्यांची नक्कल जोडली. मंगळवारी सामान उतरलं. चिमुकले मास्क, रंगीत पट्ट्या, आणि काटा. मी सही करून घेतला. त्यावर उशी ठेवली तर उशीचंच वजन दाखवतो. तेव्हा सरकारी काम म्हणून यायची काही गरज नाही.

ता.क. दुसरा. ती नऊ किलोवाली परवा आली होती. नाकात सदऱ्याचं बटण घालून. मला वाटलं, तुला कळायला हवं. आता चालते, पळते, सिस्टरला चावते. काट्यावर स्वतः चढून उभी राहिली. अकरा किलो भरली. तू जे म्हणाली होतीस तेच, फक्त पंधरा महिने आधी म्हणालीस.

ता.क. तिसरा, आणि हाच खरा. काटा वजन बरोबर सांगतो. पण तू दोनदा झुलवायचीस तेव्हा मूल रडायचं थांबायचं, ते त्याला जमत नाही. आणि दुपारी माझ्या दारात येऊन 'लांबण, पुरे आता' म्हणणं, तेही नाही. मला तुझी फार आठवण येते, ताई. फळा काल चौथ्यांदा धुतला. तुझी ओळ आहे. कुणी विचारलं तर आम्ही अजून तेच सांगतो. पण पंधरा महिने कुणी चहा पितं का?